कोकणातल्या पागेत रबराची मॅट टाकताना: आधी पाणी कुठून जाईल ते बघा

एका वाचकाचा प्रश्न थोडक्यात असा आहे. अलिबागच्या नागावजवळ चार घोडी आहेत. दोन तट्टं किनाऱ्यावर फेऱ्यांना जातात, दोन मोठे घोडे वरातीला आणि बग्गीला. चिऱ्याची जुनी पागा पाडून नवी बांधायची आहे, मागे एक छोटं रिंगण करायचं आहे आणि घोडी नेण्यासाठी एक पिकअप घेतली आहे. विक्रेता म्हणतो, १२ मिलिमीटरची हलकी, फोमसारखी मॅट तिन्ही ठिकाणी चालेल, एकदम घेतली तर भाव कमी पडेल आणि मग खाली पेंढा-भुसा घालायलाच नको. हे ऐकावं का?

तिन्ही ठिकाणी एकच मॅट चालणार नाही. उघड्या रिंगणात तर रबर घालूच नका. आणि भुसा बंद होईल हे विसरा. आता एकेक कारण सांगतो. सगळ्यात जास्त वेळ मॅटखालच्या जमिनीवर घालवणार आहे, कारण आपल्याकडे पैसे वाया जातात ते तिथे.

घाटावरच्या तबेल्यांतून पाहून आलेल्या गोष्टी इथे जशाच्या तशा चालत नाहीत. अलिबागला पावसाळ्यात दोन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, रत्नागिरीकडे तीन हजारांच्या वर. आणि नेमक्या त्याच चार महिन्यांत पर्यटक नसतात, किनारा बंद असतो, घोडी दिवसाचे वीस-बावीस तास ठाणावर उभी असतात. म्हणजे जमीन सर्वांत जास्त वापरात असते तेव्हाच ती वाळत नाही. मार्चमध्ये टाकलेली मॅट एप्रिलमध्ये सुंदर दिसते. तिची परीक्षा ऑगस्टमध्ये होते.

घोडं दिवसाला पाच-दहा लिटर मूत करतं, मोठं असेल तर त्याहूनही जास्त. रबर ते शोषत नाही. ते सांध्यांतून खाली जातं आणि खाली उतार नसेल तर तिथेच साचतं. जीवाणू त्यातल्या युरियाचा अमोनिया करतात. आपण उभे असतो तेव्हा नाकाला फारसं कळत नाही, पण घोडं बसतं, जमिनीजवळची वैरण खातं, तेव्हा त्याचं नाक थेट त्या थरात असतं. पहाटे दारं उघडण्याआधी पागेत जाऊन गुडघ्यावर बसा आणि श्वास घ्या. डोळे चुरचुरले तर समजा की तुमच्या घोड्याचा पावसाळ्यातला खोकला हवामानाचा नाही, जमिनीचा आहे.

म्हणून पहिला खर्च जमिनीवर करा. पागेचं जोतं बाहेरच्या जमिनीपासून दीड-दोन फूट वर घ्या. नागाव, आक्षी, रेवदंडा या पट्ट्यात पावसाळ्यात विहिरीचं पाणी किती वर येतं ते तुम्हाला मी सांगायला नको. भरावावर जाड प्लास्टिकचा कागद अंथरून त्यावर चार इंच काँक्रीट घाला, म्हणजे खालची ओल वर चढत नाही. वरचा पृष्ठभाग घोटून गुळगुळीत करू नका. ओला असतानाच झाडूच्या रेघा ओढून घ्या. गवंड्याला हे दोनदा सांगावं लागतं. कोबा आरशासारखा घोटणं ही त्याच्या मते कारागिरी असते. शहाबादी फरशी तर मुळीच नको, नाल ठोकलेलं घोडं ओल्या फरशीवर कधी घसरेल सांगता येत नाही.

उतार बारा फुटांत दीड ते दोन इंच पुरे. त्याहून जास्त दिला तर घोडं सतत एका बाजूला भार देऊन उभं राहतं आणि मॅटही सरकत खाली येते. उताराच्या टोकाला उथळ, उघडी, फावड्याने साफ होईल अशी नाली करा. झाकलेली नाली आठवड्यात लीदेने भरते. मोकळ्या खोलीत नाली दाराकडे असली तरी चालेल. पण अगाडी-पिछाडी, म्हणजे पुढचे-मागचे दोर, लावून ठाणावर बांधत असाल तर नर आणि मादी यांचा फरक धरा. घोडीचं मूत मागे नालीजवळ पडतं. घोड्याचं पोटाखाली, ठाणाच्या मधोमध. घोड्यांच्या ठाणाला मधूनच उतार सुरू झाला पाहिजे, नाहीतर मधल्या सांध्याखाली कायमचं डबकं राहतं.

जांभ्याच्या फरसबंदीवर थेट मॅट टाकायचा मोह अनेकांना होतो, कारण चिरा घरचाच असतो. चिरा सच्छिद्र आहे. तो मूत पितो आणि पावसाळाभर वास सोडत बसतो. शिवाय चिऱ्यांची पातळी कधीच एकसारखी नसते. मॅट खड्ड्यात दबते, उंचवट्यावर उचलली जाते आणि उचललेल्या कोपऱ्यात नाल अडकते. चिरा भिंतीला उत्तम, जमिनीला नको.

आता मॅट. बाजारात मुख्यत्वे चार प्रकार मिळतात. एक, साच्यात दाबून तयार केलेली घट्ट रबराची मॅट. दोन, जुन्या टायरचा चुरा चिकटद्रव्याने बांधून केलेल्या लाद्या. तीन, फोमसारखी हलकी मॅट, म्हणजे तुमचा विक्रेता दाखवतोय ती. चार, खाणीतला किंवा बंदरातला जुना कन्व्हेयर पट्टा.

पट्टा स्वस्त मिळतो, पण त्याची वरची बाजू ओली झाली की निसरडी होते, कापलेल्या कडांमधून आतलं कापड मूत शोषतं, आणि पोलादी तारांचा पट्टा असेल तर कडेची तार बाहेर येऊन घोट्याला चिरते. घ्यायचाच असेल तर लाथा मारणाऱ्या घोड्याच्या भिंतीला लावा, तिथे तो वर्षानुवर्षं टिकतो. टायरच्या चुऱ्याच्या लाद्यांतून पाणी झिरपतं. कोरड्या प्रदेशात तो गुण आहे. आपल्याकडे त्या लादीच्या पोटात मूत मुरतं आणि वाळत नाही, म्हणून घोडं बांधायच्या जागी नको. पागेतल्या वाटेवर, नालबंद काम करतो तिथे चालेल. फोमची मॅट पायाला मऊ आणि उचलायला सोपी, पण नालेच्या कडेखाली तिच्यात घळी पडतात आणि खुराने उकरणारं घोडं तिचे लचके काढतं. बिननालेच्या शिंगराला ती ठीक आहे. बग्गीच्या घोड्याला नाही.

राहते ती घट्ट रबराची. मोठ्या घोड्यांना १८ मिलिमीटरच्या आसपास जाडी घ्या. बिननालेच्या तट्टांना १२ चालेल, पण पिकअपमधली मॅट आणि पागेतली मॅट यांची गल्लत नको. गाईंसाठी मिळणाऱ्या मॅट बऱ्याचदा १७ मिलिमीटरच्या असतात आणि रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या दूधवाल्यांकडे तुम्ही पाहिल्या असतील. भरीव असतील तर तट्टांना चालतात. काहींच्या खालच्या बाजूला उंच खुंट्या आणि मध्ये पोकळी असते. गाईचा पाय पसरट आणि ती बराच वेळ बसून असते. घोडं उभं राहतं, नालेच्या पातळ कडेवर सगळा भार देतं, म्हणून पोकळी जिथे मोठी तिथे मॅट आधी फाटते.

खालची बाजू सपाट असावी की खाचांची, यावर मतभेद आहेत. माझं मत: उतार आणि नाली नीट असेल तर उताराच्या दिशेने जाणाऱ्या उथळ सरळ खाचा घ्या. गोल खुंट्यांची जाळी नको. तिच्यात लीद आणि वाळू अडकते, पाण्याला सरळ वाट मिळत नाही. भिंतीकडेला पोकळ फट राहिली तर पावसाळ्यात तिथे वाणी किडे, विंचू, क्वचित फुरसंही आसरा घेतं. मोतद्दार, म्हणजे घोड्यांची देखभाल करणारा माणूस, रोज तिथे हात घालणार आहे, हे लक्षात ठेवा.

वरची नक्षी बारीक असावी, हातोडीने ठोकल्यासारखी. मोठ्या गोल नाण्यांची नक्षी दिसायला छान, पण त्या नाण्यांचे माथे गुळगुळीत असतात आणि ओले झाले की खूर त्यांवरून घसरतो.

माल खरा आहे का हे दुकानातच बघता येतं. चार फूट बाय सहा फूट, १८ मिलिमीटरची भरीव मॅट ४५ ते ४८ किलोच्या आसपास भरायला हवी. काट्यावर ठेवा. ३० भरली तर ती पोकळ आहे किंवा फोम आहे. ६० भरली तर रबर कमी आणि खडूसारखी भर जास्त. अशी मॅट दोन पावसाळ्यांत कडेने ठिसूळ होते. मग एक पट्टी मागून घ्या, पूर्ण दुमडा आणि दुमडीवर बघा: बारीक भेगा पडल्या तर नको. पांढऱ्या फडक्याने जोरात घासा. थोडं काळं लागेल, पण फडकं काळंकुट्ट झालं तर तेच काळं तुमच्या पांढऱ्या वरातीच्या घोड्याच्या अंगावर येणार आहे. एक गोष्ट आणखी: भाव चौरस फुटावर ऐकू नका, किलोवर काढा. दोन दुकानांतला खरा फरक तेव्हा कळतो. दोडामार्गाकडे रबराच्या बागा झाल्या आहेत म्हणून तिकडे मॅट स्वस्त मिळेल असं काहींना वाटतं. तिथे चीक निघतो, मॅट कारखान्यातूनच येते.

तुम्ही नवं बांधताय हा मोठा फायदा आहे. खोलीचं आतलं माप मॅटवरून ठरवा, आणि ते गिलाव्यानंतरचं माप असू द्या. बारा बाय बाराच्या खोलीत चार-सहाच्या सहा मॅट न कापता बसतात. तट्टांना दहा बाय बारा पुरे. तिथे पाच बसतात, तीन उभ्या आणि दोन आडव्या. कापाकापी नाही, आणि चार कोपरे एका जागी येत नाहीत हा वरचा लाभ, कारण घोडं नेमकं तोच चौक उकरतं. सगळ्या बाजू मिळून साधारण एक सेंटिमीटर मोकळं ठेवा. पत्र्याच्या छपराखाली एप्रिल-मेमध्ये रबर वाढतं आणि जागा नसेल तर मधोमध फुगतं. कापावंच लागलं तर मॅट आदल्या रात्री सावलीत पसरून ठेवा, कापायच्या रेघेखाली फळी सरकवा म्हणजे चीर उघडी राहील, आणि धारदार कटरला साबणाचं पाणी लावत तीन-चार फेऱ्यांत कापा. एका दमात कापायला गेलात तर पातं मोडतं.

चिकटवू नका. घट्ट बसवलेली मॅट वजनानेच जागेवर राहते, आणि तुम्हाला ती उचलायची आहे: एकदा मेअखेरीस, एकदा नवरात्राच्या सुमाराला. दोघांनी मिळून उचला, एकट्याने नाही. खालचं काँक्रीट घासून धुवा, पूर्ण वाळवा, मॅट उन्हात उभी करा. मोठे तबेले सांधे नसलेलं, जागेवर ओतलेलं रबर करतात. ते छान असतं, पण काँक्रीटला किमान २८ दिवस झालेले असावे लागतात आणि आत अजिबात ओल नसावी लागते. दीड फूट बाय दीड फूट प्लास्टिक काँक्रीटवर चारही बाजूंनी चिकटपट्टीने बंद करून सोळा तास ठेवा. खाली थेंब दिसले तर ओतणाऱ्याला परत पाठवा. आपल्याकडे हे काम जानेवारी ते एप्रिल सोडून करूच नये. चार घोड्यांच्या पागेला मी ते सुचवणार नाही.

पैसे कमी पडले तर पातळ मॅट सगळीकडे टाकण्यापेक्षा जाड मॅट अर्ध्या जागेत टाका. घोडं गव्हाणीसमोर उभं राहतं, तिथेच पुढचे पाय आपटतं. तिथे आणि दाराच्या उंबऱ्याशी मॅट, मागच्या अर्ध्यात उतार दिलेल्या काँक्रीटवर तूस किंवा भुशाचा जाड थर. हा तडजोडीचा मार्ग असला तरी खराब नाही.

भुशाबद्दल. रबर पायाला आधार देतं, ओल शोषत नाही. वर काहीच नसेल तर मूत अंगावर उडतं म्हणून घोडं मूतणं लांबवतं, आणि बसता-उठताना मागच्या ढोपरांना घासून जखमा होतात. मॅटमुळे भुसा कमी लागतो, एवढं खरं. दोन-तीन इंच भाताचं तूस किंवा लाकडाचा भुसा पुरतो. गिरणीतल्या भुशात कुठली लाकडं आली ते विचारून घ्या, आपल्या रानात काजऱ्यासारखी विषारी झाडंही आहेत. काथ्याचा भुसाही चांगला, पाणी भरपूर धरतो. मात्र तो धुतलेला असावा, कारण त्यात मीठ असतं आणि घोडी तो चाटत बसतात. पेंढा पावसाळ्यात टाळा. तो बुरसतो आणि घोडं तोच चघळत बसतं.

ओल्या मॅटवर चार महिने उभ्या घोड्याचा खूर मऊ पडतो, आणि खुराच्या तळाचा त्रिकोणी मऊ भाग काळा पडून कुजतो, घाण वास येतो. रबर हा त्यावर उपाय नाही. रोज खूर खरवडून कोरडा करणं हाच उपाय, मग जमीन कसलीही असो.

धुण्याबद्दल एक गोष्ट गंभीरपणे सांगतो. लीद-मूत पडलेल्या जागेवर ब्लीचिंग पावडर कधीही टाकू नका. अमोनियाशी मिळून विषारी वायू होतो, तो माणसालाही घातक आहे. आधी पाण्याने स्वच्छ धुवा, मग धुण्याच्या सोड्याने घासा. रॉकेल, डिझेल, तेलकट काळं फिनाइल यांनी रबर फुगतं आणि मऊ पडतं, म्हणून माश्यांसाठी रॉकेल शिंपडायची जुनी सवय मॅटवर बंद करा.

किनाऱ्यावरून येणाऱ्या तट्टांची वाळू ही तुमच्याकडची खास अडचण आहे. पागेत शिरण्याआधी चारही खूर खरवडा आणि पाय गोड्या पाण्याने धुवा. मॅटखाली गेलेली वाळू खालचं काँक्रीट आणि मॅट दोन्ही खात राहते. उलट दिशेने रबराचा एक स्वस्त उपयोग आहे: किनाऱ्यावर जिथे घोडी उभी करून चंदी-वैरण देता तिथे एक जुना तुकडा खाली अंथरा. वाळूत सांडलेले दाणे वेचताना घोडं वाळू गिळतं, ती आतड्यात साठते आणि पोटशूळ उठतो. त्या तुकड्याने एखादं जनावर वाचेल.

पिकअपला ८ ते १० मिलिमीटरची घट्ट मॅट घ्या, आणि ती हौद्याच्या लांबीत एकसंध असावी. मधे आडवा सांधा आला की घाटात ब्रेक लागला की खूर त्यातच अडकतो. सारंगखेड्याच्या यात्रेतून घोडं आणायचं म्हणजे घाट उतरावाच लागतो, आणि उतारावर पुढे तोंड केलेल्या जनावराचा सगळा भार पुढच्या पायांवर येतो. मॅट कडेने पट्टीखाली बोल्टने दाबा, बोल्टचं डोकं रबरात बुडलेलं हवं. इथेही चिकटवू नका. खाऱ्या पाण्याने भिजलेले पाय आणि मूत मॅटखाली साचतं आणि पत्रा आतून गंजतो. वरून सगळं ठाकठीक दिसतं आणि एक दिवस घोड्याचा पाय पत्र्यातून आरपार जातो. हौद्याच्या कोपऱ्यांना पाणी जायला भोकं ठेवा, किनाऱ्यावरून आल्यावर मॅट उचलून गोड्या पाण्याने धुवा, आणि पावसाळ्यानंतर पत्र्यावर हातोडी ठोकून आवाज ऐका. फळकुटाचा तळ असेल तर स्क्रू ड्रायव्हर टोचून बघा.

गाडीत रबरावर सुकं तूस किंवा लांब पेंढा पसरू नका, दोन्ही पायाखाली सरकतात. थोडा ओलसर भुसा पुरे. चढायच्या फळीवर नुसतं रबर पुरत नाही, आडव्या लाकडी पट्ट्या हव्यातच. भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला रो-रोने येत असाल तर जेट्टीचा ओला उतार आणि बोटीचा लोखंडी तळ यांवर गाडीच्या आत घोड्याचा तोल जातो, म्हणून शेजारच्या घोड्यापासून वेगळं करणारे आडवे बांबू आधीच घट्ट बांधा. १९७८ च्या प्राणी वाहतूक नियमांत बांबूच्या आडोशाचा उल्लेख आहे आणि पशुवैद्यकाचा दाखलाही लागतो.

रिंगणाचं लवकर आटोपतो. टायरचा चुरा वाळूत मिसळला की जमीन घट्ट होत नाही, म्हणून बाहेरच्या देशांत तो वापरतात. उघड्या रिंगणात आपला पहिला मोठा पाऊस त्यातला बराचसा वाहून नेईल, तुमच्या कुंपणाबाहेर, आणि नागावात कुंपणाबाहेर म्हणजे शेवटी समुद्रात. टायरमधल्या तारेचे तुकडे चुऱ्यात राहिले तर खुरात घुसतात. त्याऐवजी चांगला दाबलेला मुरूम, मध्यापासून दोन्ही कडांना उतार, बाजूने चर आणि वर तीन इंच कोनदार कणांची वाळू. किनाऱ्याची वाळू आणू नका. ती उचलायला कायद्याने बंदी आहे, तिचे कण गोल असल्याने पायाखाली धरत नाहीत आणि मीठ असतं ते वेगळंच. रिंगणाच्या फाटकापाशी, जिथे चिखल होतो, तिथे तेवढ्या टायरच्या लाद्या टाका. उन्हात काळं रबर भयंकर तापतं, तिथे सावली धरा.

माथेरानच्या एका वाचकाने याच धर्तीवर विचारलं होतं. तिथे दस्तुरीच्या, म्हणजे गाडीतळाच्या, पुढे माल बहुतेक माणसाने किंवा घोड्याने न्यावा लागतो, तेव्हा ४५ किलोची मॅट मागवू नका. दोन बाय तीनचे जोडणीच्या खाचा असलेले तुकडे घ्या. सांधे वाढतील, म्हणून उतार जरा जास्त द्या.

काँक्रीट फेब्रुवारीपर्यंत पडलं तर मार्चअखेर ते नीट वाळतं. मॅट मार्चमध्ये मागवा, एप्रिलमध्ये टाका, आणि पहिल्या पावसाआधी एकदा पाण्याची बादली ओतून नालीपर्यंत किती वेळात पोहोचते ते पाहा. मॅट टाकलेली असताना आणि उचललेली असताना, दोन्ही वेळा.